दुसरी बॅटरी घेण्याआधी तुमची यादी पुढे करा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांनी आणि यजमानांनी एक वापरलेली व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, कपाटं आणि छोटा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला. सुट्टी जमली की दोघं निघतात आणि एका ठिकाणी दोन रात्री राहतात. ताई तिथूनच लॅपटॉपवर ऑफिसचं कामही करतात. गेल्या सहलीत फ्रिज रात्रभर चालला आणि सकाळी व्हॅन सेल्फच घेईना. तेव्हापासून दुसरी बॅटरी बसवायचं घाटतंय. यजमानांना 200 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि 2000 वॉटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या 12 व्होल्टची घरासारखी वीज करणारा) हवा आहे. गॅरेजमध्ये काम करणारे धाकटे दीर म्हणतात, ‘माझ्याकडे गाडीची एक बॅटरी पडून आहे, दोन वायरी जोडल्या की झालं.’ दोघं आपापल्या म्हणण्यावर अडून आहेत आणि निर्णय ताईंवर ढकलला आहे. ताई विचारतात, ‘मला यातलं काही कळत नाही. रात्री आम्ही त्याच गाडीत झोपतो, त्यामुळे आगीची भीती वाटते. कुणाचं ऐकू? की हा नादच सोडून द्यावा?’

---

तुम्हाला यातलं कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुमचीच आहे. फ्रिज, दोन दिवे, छताचा पंखा, लॅपटॉप, दोघांचे फोन, आणि यातलं काय साधारण किती तास चालतं. यजमानांनी बॅटरीचा आकार सांगितला, दिरांनी ती जोडायची पद्धत सांगितली. रोज वीज किती लागते आणि ती परत कुठून यायची, हे दोघांनीही विचारलेलं दिसत नाही. म्हणून कुणाचं ऐकायचं हे जरा बाजूला ठेवू आणि आधी तुमच्या यादीचा हिशोब करू.

रीत सोपी आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॉटना 12 ने भागलं की अँपिअर मिळतात, त्याला तासांनी गुणलं की अँपिअर-तास, म्हणजे लागणाऱ्या आणि साठणाऱ्या विजेचं माप. तुमच्यासारखा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण 45 वॉट घेतो, म्हणजे चारेक अँपिअर. तो सतत चालत नाही, गार झाला की थांबतो. दिवसातला 40 टक्के वेळ चालला असं धरलं तर 24 तासांत 36 अँपिअर-तास. उकाड्यात किंवा दार सारखं उघडल्यास याहून जास्त. पंखा दोन अँपिअरचा, रात्रीचे आठ तास, म्हणजे 16. लॅपटॉप 60 वॉट, चार तास, चार्जरमध्ये वाया जाते ती वीज धरून 23. पाच-पाच वॉटचे दोन एलईडी दिवे चार तास लावले तरी जेमतेम तीन. फोनचे तीन. एकूण 80 च्या आसपास.

आता हा आकडा दोघांच्या प्रस्तावांसमोर ठेवून पाहा.

दिरांपासून सुरू करते. त्यांच्याकडे पडून आहे ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली बॅटरी. तिच्या आतल्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, कारण तिला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर द्यायचे असतात. एवढं झालं की गाडी चालू होते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, तिला लगेच पुन्हा भरतो. अशा बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवून ती रोज खोलवर उतरवली, तर प्लेटा झपाट्याने खराब होतात. मुक्कामासाठी जाड प्लेटांची, खोल उतरायला बनवलेली बॅटरी लागते.

त्याहून मोठी अडचण ‘दोन वायरीं’ची आहे. दोन बॅटऱ्यांचे प्लस एकमेकांना आणि मायनस एकमेकांना थेट जोडले की विजेच्या लेखी ती एकच बॅटरी होते. फ्रिज दोन्हींमधून वीज ओढेल आणि सकाळी दोन्ही उतरलेल्या असतील. म्हणजे ज्या त्रासातून हा विषय निघाला तोच पुन्हा, फक्त थोडा उशिरा. शिवाय एक जुनी आणि एक बरी अशी जोडी असेल तर जुनी बरीलाही खाली ओढते. सेल्फ मारताना तो प्रचंड करंट जोडवायरीतूनही धावतो, आणि वायर त्या मापाची नसेल तर तापते.

दिरांचं सगळंच चुकतंय असंही नाही. अल्टरनेटरकडून दुसरी बॅटरी भरायची ही त्यांची मूळ कल्पना रास्त आहे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत लेड बॅटरीसाठी (गाडीत नेहमी असते ती शिशाची) मध्ये फक्त एक व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसवतात. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि 12.8 च्या खाली आलं की तोडतो. फ्रिज मग फक्त मागची बॅटरी उतरवतो, पुढची सुरक्षित राहते. दिरांच्या प्रस्तावात कमी आहे ती या मधल्या दाराची.

त्यांच्या बॅटरीला आणखी एक जागा सापडू शकते. तुमच्या व्हॅनची मूळ बॅटरी त्या रात्री पार उतरली होती. तीही सेल्फचीच, त्यामुळे तिला इजा झालेली असू शकते. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या छोट्या यंत्राने) पाहा. ठीकठाक लेड बॅटरी 12.6 व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. 12.4 च्या खाली आली तर तिचा भरवसा धरू नका. तशी निघाली आणि दिरांची बॅटरी मापाने बसत असेल, तर ती बॉनेटखाली लावा. ती त्याच कामासाठी बनली आहे.

आता यजमान. त्यांनी लिथियम म्हटलं, यात मी त्यांच्या बाजूने आहे. तुमची गरज 80 आहे. लेड बॅटरी टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे एका दिवसासाठीच 160 अँपिअर-तासांची लेड लागेल, आणि तिचं वजन 45 ते 50 किलो भरेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारातली 100 ची बॅटरी साधारण 12 किलोची असते आणि तिच्यातली 80-90 टक्के वीज बिनधास्त वापरता येते. लेडचा दुसरा दोष लोक मोजत नाहीत. ती 80 टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरते, पण शेवटच्या 20 टक्क्यांना कित्येक तास घेते. मुक्कामाच्या गाडीला तेवढा वेळ क्वचितच मिळतो. सारखी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि बॅटरी अकाली म्हातारी होते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचं वावडं नाही.

त्यांच्या 200 च्या आकड्याबद्दल मात्र मला शंका आहे. टाकी मोठी केली म्हणून नळाचं पाणी वाढत नाही. तुम्ही दोन रात्री एकाच जागी राहता. 200 ची बॅटरी पूर्ण भरून निघालात तर दोन दिवस छान जातील. मग परतीच्या वाटेवर ती भरायला अल्टरनेटरकडून वीज घेणाऱ्या 30 अँपिअरच्या चार्जरला (त्याच्याबद्दल पुढे सांगते) पाच-सहा तास गाडी चालवावी लागेल. तेवढं अंतर नसेल तर पुढच्या सहलीला अर्ध्या बॅटरीवर निघाल, आणि तिसऱ्या सहलीत घरात चर्चा सुरू होईल की 300 ची घ्यायला हवी होती.

त्याऐवजी 100 ची बॅटरी घ्या आणि छतावर 200 वॉटचं सौर पॅनेल लावा. आडव्या, सपाट बसवलेल्या पॅनेलकडून चांगल्या उन्हाच्या दिवशी 50-60 अँपिअर-तासांची अपेक्षा धरता येते. तुमच्या रोजच्या 80 मधले बरेचसे तिथेच परत येतात. ढग असतील तर हे गणित कोसळतं, हे आधीच सांगते. ढगाळ दिवसांतच जास्त फिरत असाल किंवा गाडी नेहमी झाडाखाली लावत असाल, तर यजमानांचे 200 योग्य ठरतात, पॅनेल नाही. तुमच्या सहली कशा असतात हे तुम्हीच सांगू शकता. दिवसभराचा लॅपटॉप प्रवासात भरून घेतलात तर गरज 80 वरून 60 पर्यंत येते, आणि त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही.

इन्व्हर्टरचं तर मला मुळीच पटलेलं नाही. 2000 वॉट म्हणजे 12 व्होल्टला 167 अँपिअर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती वीज धरून 180 च्या पुढे. एवढा करंट न्यायला अंगठ्याएवढी जाड केबल लागते आणि 100 च्या पुष्कळशा लिथियम बॅटऱ्यांचं आतलं संरक्षण त्याआधीच वीज तोडून टाकतं. तुमच्या यादीत एवढं मागणारी एकही वस्तू नाही. फ्रिज, पंखा, दिवे सगळं 12 व्होल्टवरच चालतं. लॅपटॉप यूएसबी-सी वरून भरत असेल तर 12 व्होल्टचा कार चार्जर पुरतो. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी अर्धा ते एक अँपिअर खातो. 24 तासांत हे 12 ते 24 अँपिअर-तास झाले, म्हणजे तुमच्या लॅपटॉपइतके, आणि तेही काही न चालवता. यजमानांना विचारा, ‘यावर नेमकं काय चालवायचं आहे?’ उत्तर ‘असलेलं बरं’ असं आलं, तर ते पैसे पॅनेलकडे वळवा.

आणखी एक गोष्ट तपासायची आहे, आणि ती दोघांनाही लागू आहे. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवण्यासाठी तो पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज 12.5 च्या आसपास उतरवतो आणि गाडी वेग कमी करत असताना 15 च्या जवळ चढवतो. अशा गाडीत साधा रिले गोंधळतो, मध्येच तोडतो, मध्येच जोडतो, आणि मागची बॅटरी धड भरतच नाही. दिरांना सांगा, मल्टिमीटर पुढच्या बॅटरीला लावून ठेवा आणि गाडी चालवताना कुणीतरी शेजारी बसून अर्धा तास आकडा पाहत राहू दे. तो 13.8 ते 14.4 मध्ये स्थिर राहिला तर अल्टरनेटर जुन्या पद्धतीचा. वरखाली नाचला तर नव्या पद्धतीचा, आणि मग अल्टरनेटर आणि मागची बॅटरी यांच्यामध्ये बसणाऱ्या डीसी-टू-डीसी चार्जरला पर्याय नाही.

तुम्ही लिथियम घेणार असाल तर अल्टरनेटर कोणताही असो, मी हाच चार्जर सुचवेन. उतरलेली लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते. थेट जोडली तर अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण जोरावर राबतो आणि तापतो, विशेषतः गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवलं तर, कारण तेव्हा त्याचा स्वतःचा पंखा हळू फिरत असतो. चार्जर करंटला 30 अँपिअरवर बांधून ठेवतो आणि बॅटरीला तिच्या प्रकाराचं व्होल्टेज देतो. तुमचे दिवसाचे 80 भरायला त्याला पावणेतीन तास लागतील. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम चार्ज करायची नसते, वापरायला हरकत नाही. थंड प्रदेशात जाणार असाल तर त्या तापमानाला चार्जिंग स्वतः थांबवणारी बॅटरी आहे ना, हे घेण्याआधी बघा.

आता तुमच्या भीतीकडे येते. ती पत्राच्या शेवटच्या ओळीत होती, मला ती पहिल्या ओळीत ठेवावीशी वाटते. फक्त तिचा रोख चुकीच्या वस्तूवर आहे. गाडीतल्या आगीसाठी लोक बॅटरीचा प्रकार तपासत बसतात. जिथे खरोखर लक्ष द्यायला हवं ती म्हणजे फ्यूज नसलेली लांब केबल. पत्र्याच्या धारदार कडेवरून ती जाते, गाडीच्या हादऱ्यांनी घासत राहते, कधीतरी तिचं आवरण फाटतं आणि तांबं चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, टेकतं. बॅटरी त्या क्षणी हजारभर अँपिअरही ओतू शकते. केबल काही सेकंदांत लाल होते.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत जाणाऱ्या प्लस केबलला दोन्ही टोकांना फ्यूज हवा. एकाच टोकाला लावून भागत नाही, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. फ्यूज टर्मिनलपासून वीतभर अंतरात असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, उपकरण वाचवण्यासाठी नाही. म्हणून त्याचा आकडा नेहमीच्या करंटपेक्षा जास्त आणि केबलच्या क्षमतेपेक्षा कमी निवडायचा. लिथियम बॅटरीच्या मुख्य फ्यूजसाठी स्वस्तातला पात्यांचा फ्यूज चालणार नाही, एवढा मोठा शॉर्ट सर्किट करंट खात्रीने तोडणारा क्लास टी सारखा प्रकार घ्या.

केबल किती जाड, यावर तुमच्या घरी वाद होणार हे मी गृहीत धरते, म्हणून आकडे देते. केबल जाताना पाच मीटर आणि परतीची पाच मीटर, असे दहा मीटर. 30 अँपिअरला 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. 16 ची घेतली तर 0.33 व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. चार्जर पुढच्या बाजूने 30 पेक्षा थोडं जास्तच ओढतो, म्हणून 16 च्या खाली जाऊ नका. तिला दोन्हीकडे 50 चा फ्यूज शोभतो, पण चार्जरसोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. केबल तांब्याचीच आहे याची खात्री करा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबली दिसायला हुबेहूब असतात, पण तेवढ्याच जाडीत कमी करंट नेतात.

बॅटरी पलंगाच्या उशाखाली नको, इंजिनजवळच्या उष्णतेतही नको. चालकाच्या सीटमागे, जमिनीलगत, चासीला बोल्ट केलेल्या चौकटीत पट्ट्याने आवळून ठेवा. बारा किलोची वस्तू करकचून ब्रेक लागल्यावर मोकळी सुटली तर समोर कोण बसलंय हे बघत नाही. ज्यांनी पाण्याची लेड बॅटरी निवडली असेल त्यांनी ती बंद पेटीत ठेवून पेटीची नळी गाडीबाहेर काढावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीही पुरते.

नाद सोडून द्यावा का, हाही तुमचा प्रश्न होता. पूर्ण सोडायची गरज नाही, पण एक मधला मार्ग आहे जो दोघांपैकी कुणीच मांडला नाही. बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर सगळं एकाच डब्यात असलेलं पोर्टेबल पॉवर स्टेशन. घरून पूर्ण भरून न्यायचं, गाडीत काहीही कापायचं-जोडायचं नाही. साधारण 1000 वॉट-तासांचा डबा म्हणजे तुमचा एक दिवस. दुसऱ्या दिवशी तो भरायचा तर गाडीच्या 12 व्होल्ट सॉकेटमधून ताशी जेमतेम 100 वॉट-तास मिळतात, आणि तिथे तुमचा फ्रिज अडकतो. एका रात्रीपुरतं जाणाऱ्यांना, किंवा फ्रिज नसून फक्त दिवे आणि फोन असलेल्यांना, मी डोळे मिटून हेच सांगेन. भाड्याची किंवा लवकरच विकायची गाडी असेल तरीही हेच. तुमच्या दोन रात्रींसाठी आणि फ्रिजसाठी मात्र बसवलेली बॅटरीच बरी.

राहता राहिला घरातला प्रश्न. कुणा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला गप्प करायचं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. तशी वेळच येत नाही. रिले नको, चार्जर हवा, हे दिरांना मल्टिमीटरवरचा आकडाच पटवेल. तुम्हाला समजवावं लागणार नाही. त्यांच्या हाताशी कौशल्य आहे ते केबलचं. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून बसवणं, पत्र्याला भोक पाडलं तिथे ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, घालणं, केबल नालीदार पाइपातून नेऊन दर वीतभर अंतरावर बांधणं. सगळी जोडणी याच कामावर तरते किंवा बुडते, आणि ते भाऊजींपेक्षा तुमच्याकडे कोण चांगलं करणार? यजमानांना चार्जरची सेटिंग आणि बॅटरी मॉनिटर द्या. लिथियमचं व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी उतरलेली असताना जवळपास सारखंच दिसतं, म्हणून शंट (करंट मोजायचा धातूचा छोटा तुकडा) लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा मॉनिटर हवाच. आकड्यांची आवड असलेल्या माणसाला तो मनापासून आवडेल.

तुम्ही एकच गोष्ट मागा. काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून एका कागदावर आकृती काढायची, प्रत्येक वायरीची जाडी आणि प्रत्येक फ्यूजचा आकडा लिहून. मग तुम्ही बॅटरीपासून बोट फिरवत जायचं आणि प्रत्येक प्लस वायरीवर विचारायचं, ‘इथे शॉर्ट झालं तर कोणता फ्यूज उडेल?’ एखाद्या वायरीवर उत्तर मिळालं नाही तर काम तिथे थांबवायचं. यासाठी इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही. उत्तरावरून वाद सुरू झाला, तर एक दिवस पैसे देऊन वाहनांचं वायरिंग करणाऱ्या माणसाला ती आकृती दाखवा. कुणाच्या मानापमानापेक्षा ते स्वस्त पडेल.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायला लावा. पान्हा एकाच वेळी प्लसला आणि चासीला लागला तर तो तिथेच चिकटतो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. पुढच्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर दिसला, तर नवी मायनस वायर टर्मिनलवर न लावता चासीच्या अर्थ पॉइंटवर लावायची. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या बॅटरीचा करंट दिसणारच नाही.

पहिली रात्र घराबाहेर उभ्या गाडीतच काढा. आधी तासभर चालवून आणा, मग गाडी बंद करून प्रत्येक लग आणि फ्यूजच्या चौकटीवर हाताची पाठ जवळ नेऊन बघा. कोमट चालेल. गरम लागला तर तो सांधा ढिला आहे, तो पुन्हा दाबून घ्या आणि तोवर मागची बॅटरी मुख्य स्विचने तोडून ठेवा. मग फ्रिज, पंखा, दिवे नेहमीसारखे लावून झोपा आणि सकाळी मॉनिटरवर किती गेले ते लिहा. माझे 80 तुमच्याकडे 65 निघाले तर पॅनेल 100 वॉटचंही चालून जाईल. 100 निघाले तर आधी फ्रिजच्या दाराचं रबर तपासा, बॅटरी मोठी करायचं त्यानंतर बोलू.